खेळाला हवे खेळते भांडवल

बँकेच्या व्यवहारात ‘खेळते भांडवल’ असा एक छान मराठी शब्द आहे. कारखान्याची जागा, इमारत, यंत्रे यांसाठी मिळते ते मुदत कर्ज. ते एकदा मिळते आणि हप्त्याहप्त्याने फिटते. पण कारखान्याचे चाक फिरते ते रोजच्या पैशावर. कच्चा माल, कामगारांचा पगार, विजेचे बिल, गाडीभाडे यांसाठी जो पैसा सतत हातातून हातात जात राहावा लागतो, ते खेळते भांडवल. चौतीस वर्षे बँकेत काढताना, नवी कोरी यंत्रे असूनही दाराला कुलूप लागलेले कारखाने मी पुष्कळ पाहिले. इमारत उभी राहिली, फीत कापली गेली, फोटो निघाले आणि पुढच्या दिवाळीला पगारापुरतेही पैसे उरले नाहीत, अशी त्यांतल्या बऱ्याच जणांची कहाणी होती.

निवृत्तीनंतर मी तालुक्याच्या गावांतली क्रीडा मंडळे, तालमी, व्यायामशाळा पाहू लागले. कादंबरीसाठी माहिती जमवावी एवढाच हेतू होता. पण जुनी सवय जात नाही. माणसे बोलत होती खेळाविषयी आणि माझे डोळे जात होते जमाखर्चाच्या वहीकडे. त्या वह्या वाचता वाचता कारखान्यांची तीच जुनी कहाणी मला पुन्हा दिसू लागली. आपल्याकडच्या हौशी खेळाला सरकार पैसे देत नाही, अशी आपली एक लाडकी तक्रार असते. ती पूर्ण खरी नाही. सरकार पैसे देते आणि अलीकडे तर बरेच देते. ते कशासाठी देते आणि कधी देते, हा खरा प्रश्न आहे.

राजाश्रय आणि लोकवर्गणी

खेळाला सार्वजनिक पैसा देण्याची आपली परंपरा जुनी आहे. कोल्हापूरचे शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १९२२ पर्यंत त्यांनी राज्य केले. या काळात कुस्तीला त्यांनी जो आश्रय दिला, त्याच्या खुणा आजही कोल्हापुरात पावलोपावली दिसतात. १९१२ मध्ये त्यांनी खासबागचे कुस्ती मैदान उभे केले. मधोमध आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना. हजारो माणसांना कुठूनही कुस्ती नीट दिसावी हा त्यामागचा विचार. पण महाराज नुसते मैदान बांधून थांबले नाहीत. मल्लांचा खुराक, त्यांची राहण्याची सोय, वस्तादांचा मान याकडेही दरबाराचे लक्ष होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी मुदत कर्जही दिले आणि खेळते भांडवलही दिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे आज शंभर वर्षांनंतरही कुस्तीशौकिनांच्या तोंडी आहेत, त्याचे मर्म मला यात दिसते.

जिथे राजा नव्हता तिथे लोक पुढे आले. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ मध्ये तिथे खो-खोचे नियम पहिल्यांदा पद्धतशीर बांधले गेले. त्याच १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोप लावले. या मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथल्या प्रेक्षकांसमोर त्याने आपले देशी खेळ करून दाखवले. देश पारतंत्र्यात, संस्था एका जिल्ह्याच्या गावची, आणि मजल बर्लिनपर्यंत!

पण लोकवर्गणीलाही मर्यादा असतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी होता तो प्रवासखर्च. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे पैसे फेडले. गहाणखते मी आयुष्यभर वाचली, पण शिष्याच्या कुस्तीसाठी गुरूने घर तारण ठेवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण पदकाची वाट एखाद्या शिक्षकाच्या घरावरून जावी लागते, यात समाज म्हणून अभिमान वाटण्यासारखे काय आहे, हेही कधी तरी स्वतःला विचारावे.

सरकार आले, सिमेंट आले

राज्यघटनेत ‘खेळ’ हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. म्हणजे गावातल्या मैदानाची काळजी पहिल्यांदा राज्याने वाहायची. महाराष्ट्राने ती वाहिली नाही असे म्हणता येणार नाही. शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० पासून दिले जातात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीला भव्य क्रीडानगरी उभी राहिली. २००१ च्या क्रीडा धोरणापासून विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुले बांधण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये या संकुलांसाठीच्या अनुदानाची मर्यादा सरकारने चांगलीच वाढवली. तालुक्याला एक कोटीऐवजी पाच कोटी, जिल्ह्याला आठऐवजी पंचवीस कोटी आणि विभागाला चोवीसऐवजी पन्नास कोटी.

याखेरीज जिल्हा नियोजनाच्या पैशातून व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा दोन योजना चालतात. तुमच्या गावातल्या मंडळाला काही लाखांचे अनुदान मिळाले असेल, तर ते बहुधा यांपैकी एकातून. व्यायामशाळेचे बांधकाम, व्यायामाचे साहित्य, मैदानाचे सपाटीकरण, कुंपण, धावपट्टी, प्रकाशझोत, स्वच्छतागृह अशी कामे यात बसतात. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, जागा स्वतःच्या नावावर किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने हवी, सातबारा किंवा मिळकतपत्रिका हवी, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हवे. अनुदान हप्त्यांनी येते आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. बँकवाली म्हणून मला यातली एकही अट जाचक वाटत नाही. जनतेचा पैसा आहे, त्याचा हिशेब हवाच.

अडचण वेगळीच आहे. या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. बांधकाम, कुंपण, पट्टी, दिवे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार निधीचाही नियम असाच आहे. त्यातून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी राहिली पाहिजे. बागेतल्या आणि रस्त्याकडेच्या निळ्यापिवळ्या ‘ओपन जिम’ आठवा. ही सगळी मुदत कर्जे झाली. मैदानावर संध्याकाळी साठ पोरे जमवणाऱ्या माणसासाठी या यादीत ओळच नाही.

एका तालमीतल्या वस्तादांनी मला हे तीन वाक्यांत सांगितले. ‘‘मॅडम, शेड झालं. मॅट आली. आता लाइटबिल कुनी भरायचं?’’ आणि ते हसले. त्यांच्या वहीत खर्चाच्या बाजूला काय काय होते सांगते. आखाड्यातल्या लाल मातीत घालायला तेल, ताक, हळद. विजेचे बिल. झाडलोट. पोरांना जिल्ह्याच्या गावी न्यायला जीपचे भाडे. दोन गरीब पोरांचे दूध. मोडलेल्या हाताचे प्लास्टर. जमेच्या बाजूला गणपतीची उरलेली वर्गणी, एका दुकानदाराची देणगी आणि वर्षातून चार-पाच ठिकाणी दिसणारी नोंद, ‘वस्ताद यांजकडून’. वहीच्या शेवटी तूट कुठेच नव्हती, कारण प्रत्येक वेळची तूट वस्तादांच्या पेन्शनमधून भरली गेली होती. ज्या तालमीत असा माणूस नाही तिथे काय होत असेल?

तालुक्यांची संकुले या बाबतीत आणखी अवघड जागी सापडतात. बांधायला सरकारचा निधी, पण देखभालीचा खर्च संकुल समितीने आपल्या उत्पन्नातून भागवावा अशी अपेक्षा. मग उत्पन्नासाठी रस्त्याच्या बाजूला गाळे काढायचे, सभागृह समारंभांना द्यायचे. निवडणूक आली की मतमोजणीसाठी बंदिस्त सभागृह सोयीचे पडते. खेळणारी मुले तेवढे दिवस घरी. काही संकुले उत्तम चालतात आणि तिथे गेले की मन प्रसन्न होते. पण चालणाऱ्या प्रत्येक संकुलात एखादा झपाटलेला क्रीडाशिक्षक किंवा अधिकारी असतोच. त्याची बदली झाली की संकुलाची प्रकृती खालावते. मला हे बँकेच्या शाखेसारखे वाटते. इमारत तीच, फर्निचर तेच, आणि व्यवस्थापक बदलला की ठेवी बदलतात.

खाशाबांच्या गोळेश्वरची गोष्ट तर चटका लावणारी. त्यांच्या नावाने तिथे कुस्ती संकुल व्हायचे ठरले. घोषणा झाली, काम रखडले. शेवटी २०१७ मध्ये, पदकाचा लिलाव करून त्या पैशातून संकुल उभारू असे सांगण्याची वेळ त्यांच्या कुटुंबीयांवर आली. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडादिन म्हणून साजरा होतो. हा मान योग्यच आहे. पण पुतळे, दिन आणि संकुले यांपेक्षा खाशाबांना १९५२ मध्ये हवे होते ते वेळेवर मिळणारे तिकिटाचे पैसे.

पाचशे रुपयांचा क्रीडाश्री

माणसावर पैसे खर्च करण्याचा प्रयत्न कधीच झाला नाही असे नाही. केंद्र सरकारने २००८ मध्ये ‘पायका’ नावाची योजना आणली. पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान. गावच्या मैदानासाठी एकदाच एक लाख रुपये, आणि पुढे पाच वर्षे दरसाल साहित्यासाठी दहा हजार व चालू खर्चासाठी बारा हजार. शिवाय गावातल्या एखाद्या होतकरू खेळाडूला ‘क्रीडाश्री’ नेमायचे, त्याने मुलांना जमवायचे, खेळवायचे. नाव किती गोड! मानधन मात्र गावपातळीवर महिना पाचशे रुपये.

आपण हसतो, पण मला ही योजना विचाराने फार शहाणी वाटते. मैदानाला चालू खर्च असतो आणि मैदानाला माणूस लागतो, हे तिने कागदावर मान्य केले होते. पाचशे रुपयांत घर चालत नाही, हे मात्र मान्य केले नाही. २०१४ मध्ये तिची जागा ‘राजीव गांधी खेल अभियान’ने घेतली आणि पुढे ‘खेलो इंडिया’ आले. गावोगावच्या क्रीडाश्रींनी मात्र आपापले पोटाचे मार्ग शोधले. पाच वर्षांत एका पिढीची सवय लागत नाही. सहावीतल्या मुलीला खो-खोची गोडी लागून ती राज्याच्या संघापर्यंत पोचायला दहा वर्षे लागतात, आणि योजनांचे आयुष्य बहुधा त्याहून कमी असते.

मी स्वतः शाळेत खो-खो खेळले. त्याला खर्च लागत नाही म्हणतात. दोन खांब आणि चुना. पण मुलींच्या खेळाचा खर्च मैदानाबाहेर असतो. कपडे बदलायला आडोसा, दार लागणारे स्वच्छतागृह, अंधार पडल्यावर घरापर्यंत सोबत, आणि आईला विश्वास वाटेल अशी एखादी बाई मैदानावर हजर. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना अनुदान मिळते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी माणूस लागतो. सातवी-आठवीनंतर किती मुली मैदानावर उरतात, ते या दोन गोष्टींवर ठरते.

धाराशिवच्या सारिका काळे यांचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. अत्यंत हलाखीतून त्या खो-खोत पुढे आल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. ज्या मैदानाने घडवले त्याच मैदानावर सरकारी पगाराने त्या परत गेल्या. याहून चांगले अनुदान कोणते?

एके काळी असे अनुदान आपल्याकडे न बोलता मिळत असे. गिरणगावातल्या गिरण्या, रेल्वे, पोलीस, बँका कबड्डी-खो-खोच्या खेळाडूंना नोकऱ्या देत. आमच्या बँकेतही संध्याकाळी चारला सरावाला जाणारे कारकून होते. काउंटरवरची मंडळी कुरकुरत, पण स्पर्धेच्या दिवशी तीच मंडळी शिट्ट्या वाजवायला हजर असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे संघही गेले. २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्याचा आधार अनेक घरांना झाला. पुढे खोटी क्रीडा प्रमाणपत्रे काढणाऱ्यांची प्रकरणेही उघडकीस आली. जिथे लाभ असतो तिथे खोटे कागद येतात, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. कागद तपासावेत. लाभ बंद करू नये.

पदकाआधीची पंधरा वर्षे

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. राज्य सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. मातीतल्या खेळाला असा मान मिळालेला पाहून कुणाचे डोळे भरून येणार नाहीत? माझेही आले. पण मनातली कारकून गप्प बसेना. महिना पाचशेच्या हिशेबाने सव्वादोन कोटीत किती क्रीडाश्री नेमता आले असते, हे तिने मांडून पाहिलेच. उत्तर आले, वर्षभरासाठी तीन हजार सातशे पन्नास. बक्षीस देऊ नये असे मी म्हणत नाही. बक्षीस हे पीक आल्यानंतरचे सुगीचे जेवण आहे. बी-बियाण्याची तरतूद वेगळी करावी लागते.

ती केली की काय होते, याचाही दाखला घरचाच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. निवास, जेवण, मार्गदर्शक, सराव हे सगळे तिथे वर्षानुवर्षे चालते. पुढे रेल्वेने नोकरी दिली. २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवायला बहात्तर वर्षे लागली. या पदकामागे घरच्यांचे कष्ट आहेत, त्याची स्वतःची साधना आहे आणि सार्वजनिक पैशाची पंधरा वर्षांची साथही आहे.

प्रबोधिनी निवडक मुलांसाठी असते, आणि ते बरोबरच आहे. मला काळजी आहे ती न निवडलेल्या मुलांची. साठ पोरे मैदानावर येतात तेव्हा त्यांतून एक निवडले जाते. उरलेली एकोणसाठ पदक आणणार नाहीत. ती शेती करतील, रिक्षा चालवतील, बँकेत येतील, आया होतील. पण संध्याकाळचे दोन तास ती नाक्यावर न जाता मैदानावर होती, हरणे पचवायला शिकली, दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या जातीतल्या पोराच्या खांद्यावर हात टाकून घरी गेली, याची किंमत कुठल्या ताळेबंदात धरायची?

सरकारी अधिकाऱ्यांशी बोलले की एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. इमारत दिसते, मोजता येते. रोजच्या खर्चाला पैसे दिले तर ते खरेच खर्च झाले की नाही हे कुणी पाहायचे? पण खेळत्या भांडवलाचा हाच प्रश्न बँकांनी कधीच सोडवला आहे. कर्जदार दरमहा मालसाठ्याचे पत्रक देतो, अधिकारी अवचित गोदामावर जाऊन थप्पी मोजतो, आणि त्यावर पुढची उचल ठरते. मैदानालाही हे लागू करता येईल. दरसाल छोटी, पण नक्की येणारी रक्कम. त्यात प्रशिक्षकाचे माणसाने जगावे असे मानधन, विजेचे बिल आणि मुलींसाठी एक बाई एवढे तीन खर्च ठरलेले. जेवढी मुले नियमित येतात तेवढी उचल. आणि हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा. गावासारखा कडक लेखापरीक्षक दुसरा नाही.

यात लोकांचा वाटाही राहिलाच पाहिजे, अगदी थोडा का होईना. सगळेच सरकारने दिले की मैदान सरकारचे होते आणि फुटलेला दिवा बदलायला कुणी उठत नाही. वर्गणी देणारा दुकानदार संध्याकाळी एकदा डोकावून जातो, ‘‘काय रे, आज कमी का पोरं?’’ असे विचारतो. त्याच्या या चौकशीचे मोल त्याच्या पन्नास रुपयांहून जास्त आहे.

आज रविवार. संध्याकाळी मुलांना घेऊन जवळच्या मैदानावर, तालमीत किंवा संकुलात एक चक्कर टाका. तिथे किती पैसे आले हे फलकावर लिहिलेले असेल, आमदारांच्या नावासकट. ते वाचून झाले की मैदानावर पाणी कोण मारतो, दिवे कोण लावतो आणि शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत कोण थांबतो, एवढे विचारा. जो माणूस पुढे येईल, त्याला त्याबद्दल महिन्याला काय मिळते तेही विचारून घ्या.